मालुबाईला शेवट हवा

मालुबाईला चौकशा फार. बेळगावाजवळच्या पिरनवाडीत कोणालाही विचारा. गल्लीत रिक्षा थांबली की कोण उतरलं, कोणाकडं आलं, पिशवीत काय आणलं, एवढं समजल्याशिवाय तिच्या हातची भाकरी तव्यावर पडत नाही. नवरा ज्योतिबा नेमका उलटा. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत भट्टीसमोर आयुष्य काढलेला माणूस. कोणी आपणहून सांगितलं तर ऐकणार, नाही तर गप्प. देवानं दोघांच्या वाटणीच्या चौकशा एकीच्याच पदरात टाकल्या, असं शेजारची नागुबाई म्हणते, आणि ती काही खोटं बोलत नाही.

आता चौकशी म्हटलं की लोक नाक मुरडतात. पण मालुबाईची चौकशी चहाडीसाठी नव्हे. गोष्ट अर्धी राहिली की तिला अन्न गोड लागत नाही, एवढंच. लहानपणी दुकानातून शेंगदाण्याची पुडी आणली की आधी शेंगदाणे ताटलीत ओतायचे आणि पुडीचा कागद घेऊन बसायचं, हा तिचा क्रम. कागद कुठल्यातरी मासिकातून फाडलेला, गोष्ट मधेच तुटलेली. मग ही परत दुकानात. "मामा, ह्येच्या फुडचा कागूद कुणाला दिलासा?" एकदा तर अशा एका पुडीच्या मागं अर्धं गाव हिंडून आली होती. कागद सापडला, पण त्यावर तेल सांडलेलं होतं.

ते कागद कानडी होते, हे इथंच सांगितलेलं बरं. मालुबाईचं माहेर चिकोडीकडचं. घरात मराठी, शेतात मराठी, भांडण तर अस्सल मराठी. शाळा मात्र गावात एकच होती आणि ती कानडी. तिथं ती पाचवीपर्यंत शिकली आणि मग म्हशींमागं गेली. म्हणजे झालं असं, की बोलायला मराठी आणि वाचायला कानडी. मराठी अक्षर तिला ओळखता येत नाही. आपल्या सीमाभागात अशी माणसं पुष्कळ आहेत, पण बोलत कोणी नाही. इथं भाषा हा अब्रूचा प्रश्न. मराठी घरात जन्मून मराठी वाचता येत नाही, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? मालुबाईनं ते कधी कोणाला सांगितलं नाही. घरात ज्योतिबाला ठाऊक होतं, पण तो कशाला कोणाला सांगतोय.

पन्नाशीला आल्यावर तिला शेजारच्या गावच्या पंचायतीच्या वाचनालयात झाडलोटीचं काम मिळालं. एक खोली, दोन बाकं आणि भिंतीला लागून कानडी पुस्तकांची चार कपाटं. आठला जाऊन झाडायचं, पुसायचं आणि दहाला साहेब येईपर्यंत खोली राखायची. एके दिवशी धूळ झटकता झटकता एक पुस्तक उघडलं गेलं आणि झाडू दाराशी तसाच पडून राहिला. जन्मात पहिल्यांदा तिच्या हातात असा कागद आला होता, ज्याचा पुढचा कागद त्यालाच शिवलेला होता! चार वर्षांत बाईनं तीन कपाटं संपवली.

मग दोन वर्षांपूर्वी निपाणीहून येताना बसमध्ये तिच्या शेजारी भैरवी बसली. ही संकेश्वरची तरणीताठी पोरगी, निपाणीत बँकेत नोकरीला. मांडीवर मराठी पुस्तक. मालुबाईला राहवतंय होय? "काय चाललंय त्यात?" तिनं विचारलं. भैरवी चांगल्या घरची, तिनं पुस्तक मिटलं आणि सांगायला लागली.

एक बाई असते. दर सोमवारी दुपारी घरातली कामं उरकून एसटीनं तालुक्याला जाते आणि दिवेलागणीला रिकाम्या हातानं परत येते. ना भाजी, ना कापड, ना कोणाचा निरोप. नवरा काही विचारत नाही. पण थोरल्या पोरीला संशय येतो, आणि एका सोमवारी ती गुपचूप आईच्या मागोमाग, मागच्या दारानं त्याच बसमध्ये चढते.

"आन् मग?" मालुबाई म्हणाली.

"संकेश्वर आलं आक्का, उतरते मी."

मालुबाईनं तिचा हात धरला. भैरवी हसली. म्हणाली, नंबर द्या, आमचा एक ग्रुप आहे, त्यात घालते, तिथं सगळेजण पुस्तकंच सांगतात. अशी मालुबाई 'सीमेवरचे वाचक' या व्हॉट्सॲप ग्रुपात आली.

सव्वाशे माणसं. बेळगावातले मास्तर, वकील, ऑफिसातली मंडळी, खानापूरची, निपाणीची. दर रविवारी सकाळी ज्याला एखादं पुस्तक आवडलं त्यानं ते आपल्या आवाजात सांगून पाठवायचं, कारण फोनवर मराठी टाइप करताना म्हाताऱ्यांची बोटं रुसतात. नियम दोनच. स्वतः वाचलेलंच सांगायचं, आणि शेवट सांगायचा नाही. त्यामुळं प्रत्येकजण गोष्ट ऐन रंगात आणून सोडायचा आणि म्हणायचा, "पुढं काय होतं ते वाचूनच बघा." हे वाक्य ऐकलं की मालुबाईच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. वाचून बघा! पण ज्या मराठी गोष्टी तिला आयुष्यभर बंद होत्या, त्या निम्म्या का होईनात, इथंच मिळत होत्या. म्हणून ती चिकटून राहिली. सोमवारच्या बाईचं एकदा भैरवीला विचारून बघितलं, तर तीही म्हणाली, "आक्का, नियम! छोटंसं पुस्तक आहे, वाचून टाका."

मग तिनं तो शेवट स्वतःच रचला. बाईनं लग्नाआधीची एक लेक कुणाला तरी देऊन टाकलेली असणार, आणि दर सोमवारी ती शाळा सुटताना तिला लांबून बघत असणार. भाकऱ्या थापताना हे ज्योतिबाला सांगून मालुबाई स्वतःच रडायची. ज्योतिबा "हं" म्हणायचा आणि जेवायचा.

ऐकून ऐकून तिलाही हुरूप आला. तिनं एका रविवारी वाचनालयातलं एक पुस्तक सांगितलं. कानडी आहे हे तेवढं गाळलं. नावाचं मराठी तिनंच केलं, आणि लेखकाचं नाव लांबलचक आहे, ध्यानात राहत नाही, म्हणून मोकळी झाली. सांगणं असं, की ग्रुप खुळावला. मालुबाई, आणखी सांगा! दोन वर्षांत तिनं नऊ पुस्तकं सांगितली. नववं 'सात हात खाली'. त्यातला माणूस दुसऱ्यांच्या रानात बरोब्बर पाण्यावर बोट ठेवतो, पण स्वतःच्या रानात सात विहिरी खणतो आणि सातही कोरड्या. आठवीला तो पहार लावतो, इथं तिनं नियमाप्रमाणं थांबवलं.

आणि तिथंच गाडं अडलं. रघुवीर म्हणून एक निवृत्त वकील त्या ग्रुपात आहेत. एखाद्या गोष्टीच्या मागं लागले की लागले. त्यांनी 'सात हात खाली' शोधायला घेतलं. सापडेना. मग आधीची आठ शोधली. एकही कुठं नाही. शेवटी त्यांनी ग्रुपात लांबच्या लांब लिहून टाकलं, की मालुबाईंनी सांगितलेली नऊ पुस्तकं खरोखर आहेत, की त्या मनानं रचतात? स्वतः वाचलेलंच सांगायचं हा आपला नियम आहे. या रविवारच्या आत पुस्तकाच्या कव्हराचा फोटो टाकावा, नाही तर ग्रुपातून कमी करावं लागेल.

मालुबाईनं त्यावर अंगठा दाखवला. तिचं ते ठरलेलं होतं. लिहिलेलं काही आलं की अंगठा. मागं एकांचे वडील गेल्याची बातमी आली होती, तिलाही हिनं अंगठाच दाखवला होता.

शुक्रवारी भैरवीचा फोन आला. "आक्का, वकीलसाहेबांनी लिहिलंय ते वाचलात ना?"

"व्हय की," मालुबाई ठोकून देऊन मोकळी.

"मग टाका की कव्हराचा फोटो. न्हायतर काढतील हो तुम्हाला."

मालुबाईची कानडी कव्हर दाखवायची छाती होईना. ग्रुपात निम्मे मास्तर, उठता बसता मराठी वाचा म्हणून सांगणारे. खूप विचार करून ती शनिवारी बस धरून बेळगावच्या खडेबाजारात गेली. पुस्तकांच्या एका दुकानात शिरली आणि बघत राहिली. एका मराठी पुस्तकावर विहिरीचं चित्र होतं, शेजारी वाकलेला शेतकरी. जणू हिच्यासाठीच छापलेलं! दुकानदाराची पाठ फिरल्यावर तिनं फोटो काढला आणि रस्त्यावर येऊन ग्रुपात टाकून दिला.

धडाधड उत्तरं आली. हसणारे चेहरेच चेहरे. लोक खूश झाले, म्हणून हिनं हात जोडले. आणखी चेहरे आले. हिनं पुन्हा हात जोडले. पाचव्या मिनिटाला भैरवीचा फोन.

"आक्का, अहो हे काय टाकलंय? 'विहिरीवरील मोटारपंप : बिघाड व दुरुस्ती' असं एवढ्या मोठ्या अक्षरात लिहिलंय की त्यावर!"

मालुबाई भर बाजारात जागच्या जागी उभी राहिली. भैरवी हळूच म्हणाली, "आक्का, तुम्हाला वाचायला येत नाही का?"

"येतं!" मालुबाई एवढ्यानं ओरडली की शेजारचा फळवाला वळून बघायला लागला. "तीन कपाटं वाचल्यात मी! कानडी. मराठी येत न्हाय, आता झालं?" आणि तिनं फोन बंद केला.

रविवारी सकाळी वाचनालयातून घरी आणलेलं ते कानडी पुस्तक तिनं चुलीपुढं ठेवलं, त्याचा फोटो काढून पाठवला आणि बटण दाबून बोलायला लागली.

"मी मालुबाई. ह्यो खरा फोटू. मी सांगिटलेली समदी पुस्तकं कानडी हुती. गावात शाळाच कानडी, त्यात माझा काय दोस? मराठी मला वाचाय येत न्हाय. तुमी लिवतासा त्यातलं दोन वर्सं मला काय बी कळलेलं न्हाय, नुसता अंगठा दावला. काढायचं असलं तर काढा. पर तुमची शंभरभर पुस्तकं ऐकली आन् येकाचाबी शेवट मला ठावं न्हाय. वाचूनच बगा म्हंतासा, कशी वाचू? आन् शिव्या घालायच्या असल्या तर लिवू नकासा. तोंडानं घाला."

ग्रुप गार. दहा मिनिटं झाली, वीस झाली. सुट्टी म्हणून घरी असलेला ज्योतिबा अंगणात खुरप्याला मूठ बसवत होता, तोही हात थांबवून आत बघायला लागला. मालुबाईला वाटलं, संपलं. आपलं ग्रुपातलं अन्नपाणी उठलं. एवढ्यात वकीलसाहेबांचा आवाज आला.

"मालुबाई, त्या विहिरीवाल्यापायी मी बेळगावातली वाचनालयं पालथी घातली. पुण्याला मेव्हण्याला पिडलं. आता कव्हर बघतोय. एकोणचाळीस वर्षं इथल्या कोर्टात काढली मी. कानडी फाडफाड बोलतो. पण कानडी कागद आला की कारकुनापुढं सरकवायचा, 'चष्मा विसरलोय, वाच रे' म्हणायचं. मी तरी कुणाला कुठं सांगितलंय? तुम्हाला कोणी काढत नाही. पण मी ते पुस्तक आता वाचूनच कसं बघू? आठव्या विहिरीला पाणी लागतं का नाही, तेवढं सांगा. झोप उडालीय."

मालुबाईनं दोनदा ऐकलं. मग तिचा मूळ स्वभाव उसळून वर आला.

"सांगतो की, वकीलसाहेब. पर आदी माझं. सोमवारच्या बाईचं काय झालं? भैरवी, बोल."

भैरवीनं नियम मोडला. आईच्या मागोमाग पोरगी तालुक्याच्या स्टँडवर उतरते. आई कुठंच जात नाही. कँटीनमधून एक चहा घेते, फलाटावरच्या बाकावर बसते आणि येणाऱ्या जाणाऱ्या एसट्या बघत राहते. दोन तास. मग उठून परतीच्या बसला लागते. पोरगी खांबाआडून हे बघते, आधीच्या बसनं घरी येते आणि आई यायच्या आत भात टाकते. संपलं पुस्तक.

"येवढंच?" मालुबाई फोनवर खेकसली. टाकलेली लेक नाही, शाळा नाही, काही नाही. दोन वर्षं जीव टांगणीला लावला तो ह्याच्यासाठी? तिनं पुन्हा ऐकलं. मग अंगणाकडं तोंड करून म्हणाली, "ऐकलासा? बसाय जात हुती म्हनं."

"कुठं?" ज्योतिबानं विचारलं.

"कुठं न्हाय. स्टँडवर. नुस्तं बसाय."

ज्योतिबानं खुरपं खाली ठेवलं. विचार केला आणि म्हणाला, "मग पोरगी मागनं कशाला गेलती? बसू द्यायचं की बाईला."

लग्नाला चौतीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत या माणसानं तिला कधी, कुठं गेलतीस, उशीर का झाला, म्हणून विचारलं नव्हतं. कालही ती खडेबाजारातून तोंड पाडून आली, तरी त्यानं विचारलं नाही, पाण्याचा तांब्या तेवढा पुढं ठेवला. आणि ती चौतीस वर्षं मनातल्या मनात रागावलेली, की ह्याला माझी चौकशीच नाही. तिचे डोळे भरून आले. तिकडं वकीलसाहेब आठव्या विहिरीच्या पाण्यासाठी खोळंबले होते. खोळंबू देत. तिनं आधी दोघांच्या चहाचं आधण ठेवलं.