नानांनी चुकवलेलं कूळ

कौतिक नाना आमच्या छापखान्यात कधी बसले नाहीत. बावीस वर्षं येताहेत, पण खुर्ची पुढे केली की तिच्या पाठीला पिशवी अडकवतात आणि स्वतः उभेच राहतात. एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर होते, पायांना तीच सवय. उभ्या उभ्या एक पाय सारखा हलत असतो, आणि नजर दारापासून माझ्या कॉम्प्युटरपर्यंत आणि कॉम्प्युटरपासून परत दारापर्यंत. त्यांना पाहिलं की घरी गॅस चालू राहिला की काय, असं मलाच उगाच वाटायला लागतं. "नाना, तुम्ही मागे उभे असलात की माझ्या चुका होतात," असं मी हजारदा सांगितलंय.

"तू चुका कर, रत्ना," ते म्हणतात. "मी काढसू."

आणि काढतात. सत्तरीचा माणूस, चष्मा कपाळावर, पण पुस्तकात चूक म्हणून राहू देत नाहीत.

पुस्तक म्हणजे आमच्या पाटील समाजातल्या लग्नाच्या मुलामुलींची परिचय पुस्तिका. दर वर्षी निघते, धुळ्यातल्या देवपुरात आमच्याच छापखान्यात छापली जाते आणि तिथेच वधू-वर मेळावा भरतो तेव्हा घरोघर जाते. एका पानावर चार चौकोन. चौकोनात फोटो, जन्मतारीख, उंची, शिक्षण, नोकरी, पालकाचं नाव, कूळ, मामकूळ म्हणजे आईच्या माहेरचं कूळ, आणि सगळ्यात शेवटी अपेक्षा. एरवी वर्तमानपत्रालाही हात न लावणारी माणसं हे पुस्तक पहिल्या पानापासून शेवटापर्यंत वाचतात आणि शेजारच्या पोरीची उंची दोन इंच वाढवलीय हे शोधून काढतात. माझं स्वतःचं लग्न याच पुस्तकातल्या एकशे बाराव्या नंबरशी झालंय, त्यामुळे तक्रार तरी कोणाकडे करणार?

यातली सगळ्यात नाजूक जागा कुळाची. आमच्याकडे बघावं तो पाटील, आडनावावरून काही म्हणजे काही कळत नाही. कळतं ते कुळावरून. कोणी बोरसे, कोणी भदाणे, कोणी पवार. एका कुळातली मुलं-मुली भाऊ-बहीण धरायची, त्यांची सोयरीक होत नाही. नाना भडगाव-धुळे गाडीवर होते तेव्हा तिकीट फाडता फाडता विचारायचे, "घरमा कोनी लगीननं शे का?" मग कूळ, मग मामकूळ. तीन तालुक्यांची कुळं त्या माणसाच्या डोक्यात अशी बसलीत की आमचे मालक सुरेशचंद शेठ म्हणतात, कॉम्प्युटर बंद पडला तर चालेल, नाना बंद पडायला नको. हल्ली मोबाइलवर स्थळांचे पंचवीस ग्रुप आहेत. पण तिथे कोणाचं कूळ कोणी तपासत नाही, म्हणून लोक शेवटी पुस्तकच उघडतात. बावीस वर्षांत नानांचं एक कूळ चुकलं नव्हतं.

यंदा ते आले तेच तणतणत. फॉर्मांचा गठ्ठा टेबलावर आपटला आणि म्हणाले, "औंदा पिवळा पानं नकोत."

पिवळी पानं म्हणजे पुस्तकाच्या शेवटचा भाग. विधवा, विधुर, घटस्फोट झालेले, सगळे तिथे. ती पिवळी करायची कल्पना नानांचीच, पानं चटकन सापडावीत म्हणून. पण लोकांची जीभ कोण धरणार? "ती पिवळ्या पानावरची" असं कुजबुजत बोलायला लागले. मी पाच-सहा वर्षं ओरडत होते की हे बंद करा. तेव्हा नाना म्हणायचे, सोय शे. आता एकदम म्हणे नकोत, सगळे एकाच रांगेत घाला.

"आत्ताच कसं सुचलं?" मी विचारलं. थोडं चिडूनच विचारलं.

त्यांनी खिशातून चार घड्या घातलेला एक फॉर्म काढला आणि गठ्ठ्याच्या खाली सरकवला. मी तो वर काढला. फॉर्म नानांच्याच अक्षरातला होता. नाव सारिका.

सारिका नानांची सून. एकोणतीस वर्षांची, पाचोऱ्याला एका दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त तपासते, रोज भडगावहून जाऊन-येऊन करते. नानांचा एकुलता एक मुलगा प्रेमराज तीन वर्षांपूर्वी काविळीनं बारा दिवसांत गेला. मूलबाळ नव्हतं. तेराव्याला तिचा साक्रीकडचा भाऊ आला, जेवला आणि गेला. त्यानंतर आखाजीला तिला न्यायलासुद्धा आला नाही. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडे सासरी गेलेल्या पोरीनं माहेरी यायचा, झोक्यावर बसून गाणी म्हणायचा तो सण. त्या दिवशी जिला न्यायला कोणी येत नाही, तिच्याकडे गल्ली बघते. सारिका तीन आखाज्या लॅबमध्ये ड्युटी लावून घेत होती.

"तिला विचारलंत?" मी म्हटलं.

"इचारं. फॉर्म भरू का म्हणीन. भरा म्हने, तुमना जीवले बरं वाटत व्हई तं भरा."

हे काही हो म्हणणं झालं नाही. मी तसं बोलूनही दाखवलं. नानांचा पाय आणखी जोरात हलायला लागला. घरीही तेच चाललं होतं. बायको भिकुबाई पंधरा दिवस त्यांच्याशी बोलत नव्हती. "घरमा दुसरं कोन शे मनं? पोऱ्या गया, आते तिलेबी काढी दे," एवढं बोलून तिनं तोंड फिरवलं होतं.

मी फॉर्म टाइप केला. पालक: कौतिक पाटील, भडगाव. कूळ बोरसे. मामकूळ पवार. अपेक्षेचा रकाना कोरा. आता हे नवलच होतं, कारण कोरी अपेक्षा नाना कधी छापत नाहीत. "काहीतरी लिख, मानूस शे ना तू," असं म्हणत पोरापोरींच्या मागे लागतात. मी त्या रकान्यावर बोट ठेवलं.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले आणि दाराकडे बघायला लागले.

पुस्तक पिवळ्या पानांशिवाय छापून झालं, हजार प्रती बांधून तयार. मेळाव्याच्या आधी दहा-बारा गावांना थोड्या प्रती जातात, तशा त्या गेल्या. मेळावा रविवारी. त्याच्या आधीच्या बुधवारी दोंडाईच्याकडून नानांकडे पाहुणे आले. मुलगा आयटीआयमध्ये शिकवणारा, बायको दोन वर्षांपूर्वी वारलेली. सोबत त्याचे आजोबा, झुलाल आबा. पुढचं मला सारिकानंच सांगितलं.

पाहुणे बसले, पाणी झालं, चहा झाला. मुलगा बरा होता, खाली मान घालून का होईना पण सारिकाला तिच्या कामाचंच विचारत होता. झुलाल आबांची नजर भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोवर गेली.

"हाऊ कोन?"

"मना आंडोर," नाना म्हणाले. माझा मुलगा.

"आन तुमनी आंडेरना मालक? त्यासना फोटू नही?" आंडेर म्हणजे मुलगी, मालक म्हणजे नवरा.

त्यांना वाटलं होतं, ही मुलगी विधवा होऊन बापाकडे परत आलेली. पुस्तकात तसंच छापलं होतं ना! शेवटी सारिकाच म्हणाली, "आबा, मी यांची सून. फोटोतले माझे मालक. माझं माहेर भदाण्यांचं."

झुलाल आबांनी कप खाली ठेवला. तेही भदाणेच. "मंग माय, तू तं आमनी बहीन लागनी."

तो बिचारा मास्तर उठून उभा राहिला. काय करावं कळेना. जाताना चप्पल उलटसुलट घातली आणि सारिकाला "येतो ताई" म्हणाला.

बावीस वर्षांत पहिली चूक, आणि तीही घरातच. नाना पाहुण्यांना पोचवायला स्टँडवर गेले ते परत आलेच नाहीत. उगाच पारोळ्याच्या गाडीत चढले, तिथून परत फिरले, पुन्हा गेले. दिवस मावळायला घरी आले. भिकुबाई दारात उभी होती. इतक्या दिवसांनी ती पहिल्यांदा बोलली.

"मामकूळ पवार लिखं का तुमी?"

"लिखायी गयं."

"ते तं मनं माहेर शे," ती म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून तिथेच रडायला लागली.

मला विचाराल तर यात न समजण्यासारखं काही नाही. कूळ बापाकडून येतं आणि मामकूळ आईकडून. पालकाच्या रकान्यात स्वतःचं नाव घातलं की पुढचं पेन आपोआप चालतं. नानांच्या हातानं दुसरं काही लिहिलंच नसतं. पण हे मी त्यांना तोंडावर कशी सांगणार?

गुरुवारी सकाळी शटर वर करते न करते तोच नाना हजर, सोबत सारिका. नानांचा नियम आहे, दुरुस्ती झाली की जिचा फॉर्म तिनं स्वतः प्रूफ बघायचं. सुरेशचंद शेठनी डोक्याला हात लावला, पण लगेच म्हणाले, चिठ्ठी छापू, उरलेल्या प्रतींत त्या पानावर चिकटवू, रविवारपर्यंत होऊन जाईल. नानांना तेवढाही दम नव्हता. माझ्या मागे उभे राहून तिकीट मागितल्यासारखं एकेक सांगायला लागले.

"कूळ भदाणे. मामकूळ शिसोदे. पालक..." इथे थांबले. मग सारिकाच्या भावाचं नाव सांगितलं, गाव सांगितलं, तालुका साक्री. "खाले बारीक लिख, स्वर्गीय पतीचे वडील कौतिक पाटील. नहीतं तेबी नको लिखू."

मी कीबोर्डवरून हात उचलले.

सारिका म्हणाली, "नाना, एक विचारू? तुमी मले काढी देतस का?"

छापखान्यात मशीन बंद होतं. शेठ आतल्या खोलीत निघून गेले, एवढी अक्कल त्यांना आहे.

"काढी देस नही, माय," नाना म्हणाले. "आमी दोन्ही कितला दिन पुरसूत तुले? सांग. तू कामवर जास, घर येस, आमले जेवन वाढस. आमना सोनं शे ते. पन तुनं काय? मी रोज तुले दखस आन मना जीव एक जागावर ऱ्हास नही." पाय हलतच होता. "आन मी हाऊ फॉर्म भरा तधळपासून तर बठ्ठंच गयं. तू जाशी म्हनीनबी भ्याव वाटस." फॉर्म भरल्यापासून तर सगळंच गेलं, तू जाशील याचीही भीती वाटते.

एवढं मोठं भाषण मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. सारिका रडली नाही. ती तशी रडणारी नाहीच. तिनं ओढणीच्या टोकाला हात पुसले आणि माझ्याकडे वळली.

"रत्नाताई, कूळ बदला. चुकीचं कूळ नको, पुन्हा कोणी ताई म्हणून जायला." आम्ही दोघी हसलो, नाना हसले नाहीत. "मामकूळही बदला. पण पालकाचं नाव आहे ते राहू द्या."

"नियममा बसत नही," नाना म्हणाले.

"मी लग्नाला तयार आहे, नाना. परवापर्यंत नव्हते. त्या मास्तरांशी बोलताना वाटलं, कोणीतरी माझ्या कामाचं विचारतंय, बरं वाटतं. पण मग माझी अपेक्षाही छापा. सगळ्यांच्या छापता, माझीच कोरी का?"

"मी इचाराले भ्यायनू," नाना हळूच म्हणाले. विचारायला घाबरलो.

मी खुर्ची मागे घेतली आणि कीबोर्ड तिच्यापुढे सरकवला. तिनं एका बोटानं, अक्षर शोधत शोधत टाइप केलं. लोक अपेक्षेत लिहितात, मुलगा नोकरीवाला असावा, शेती असावी, पुण्यात फ्लॅट असावा. तिनं लिहिलं: दर आखाजीला माहेरी पाठवावे. माहेर – कौतिक नाना पाटील यांचे घर, भडगाव.

नाना कपाळावरचा चष्मा खाली घेऊन वाकले. वाचलं. पुन्हा वाचलं. प्रूफात चूक शोधतात तसं एकेका शब्दावर बोट ठेवत वाचलं. चूक नव्हती.

"रत्ना," ते म्हणाले, "यामा आखो एक लिख. लेवाले मी सोता येसू." न्यायला मी स्वतः येईन.

"नाना, ते अपेक्षेत येत नाही. आणि चौकोनात जागाही नाही."

"मंग चिठ्ठी मोठी छाप," नाना म्हणाले.