मदतीची गरज दिसत नाही

मॅडमनी चपला काढल्या नाहीत. तशाच आत आल्या आणि पहिला हात फळीवरच्या डब्याला घातला. झाकण काढलं, वाकून बघितलं. साखर. दुसरा डबा. रवा. तिसऱ्यात तांदूळ, बारीक, चांगला. मग माझ्या धाकटीला पुढ्यात उभं केलं. बोटाच्या टोकाने तिचे केस बाजूला करून उवा बघितल्या आणि ते बोट रुमालाला पुसलं. दारात अख्खा मजला उभा होता. मी भिंतीला टेकून. माझ्याच खोलीत मला कोणी बस म्हणालं नाही.

"साखर आहे, रवा आहे, टेबलफॅन आहे," मॅडम म्हणाल्या. "मग मदत कशाला हवी तुम्हाला?"

त्यातलं काहीएक माझं नव्हतं. साखर नि रवा शेजारच्या घाडीमामींचा. फॅन समोरच्या खोलीतला. खाटेवरची फुलांची चादर, कपबशा, अगदी सुमनच्या अंगातला फ्रॉकसुद्धा उसना. पण ते सांगणार कसं? दारात त्याच बायका उभ्या होत्या ना, ज्यांनी प्रेमाने सगळं आणून मांडलं होतं.

हे असं का केलं, ते सांगते. आमच्या चाळीत कुणाच्या मुलीला बघायला पाहुणे आले की मजल्यावरचं सगळं चांगलं सामान त्या एका खोलीत जायचं. ही आमची रीतच. घर बघायला येणारा माणूस म्हणजे पाहुणा, आणि पाहुण्यापुढे लाज जाता कामा नये, एवढंच आम्हाला ठाऊक. चौकशीला सरकारी मॅडम येणार म्हटल्यावर घाडीमामी सकाळीच चादर घेऊन आल्या. म्हणाल्या, "माजी चादर घाल गो. सरकारची मानसा येतली, ती काय म्हणतली?" मीही घातली. मूर्ख. मॅडम वधूपरीक्षेला थोड्याच येत होत्या.

माझे मालक गिरणीत कापड विणायच्या साच्यावर होते. संप झाला. पहिलं वर्ष आशेवर गेलं, दुसरं सामान विकण्यात. तिसऱ्या वर्षी त्यांच्या छातीच्या दुखण्याने उचल खाल्ली आणि ते गेले. मागे मी आणि दोन मुली. सुमन नऊची, बेबी चारची. मी लालबागवरून गिरगावात दोन घरी स्वयंपाकाला जायचे, पहाटे निघून दुपारी परत. तेवढा वेळ बेबी सुमनच्या ताब्यात. सुमनची शाळा आठवड्यात तीनदा बुडायची. म्युनिसिपालिटीच्या शाळेतल्या तिच्या बाईंनीच मला सांगितलं, "मुलं आईजवळच राहावीत म्हणून सरकार महिन्याला मदत देतं. अर्ज करा. नाहीतर या पोरीची शाळा सुटेल." मला हवं होतं ते एवढंच. दोन्ही मुली माझ्याजवळ, आणि सुमन शाळेत.

पंधरा दिवसांनी कागद आला. परिस्थिती बरी. मदतीची गरज दिसत नाही.

मी कचेरीत गेले. बाकावर माझ्यासारख्याच आठ-दहा बाया. मॅडमच्या टेबलापुढे उभी राहिले आणि खरं ते सांगून टाकलं. सामान उसनं होतं, माझं काही नाही.

"म्हणजे तुम्ही सरकारला फसवलंत?"

"फसवलं नाही मॅडम. पाहुणचार म्हणून..."

"लिहा. लिहिता येतं ना? मी खोटा देखावा केला असं लिहून द्या, मगच पुढचं बोलू."

सातवी शिकलेय मी. लिहिलं. अक्षर चांगलं आहे माझं. कारकुनाने तो कागद सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला आणि हसला. बाकावरच्या बायांनी माना खाली घातल्या. अंगाची लाही लाही होत होती, पण ऐकून घेतलं. मदत हवी होती ना.

"आता न सांगता येऊ," मॅडम म्हणाल्या.

घरी येऊन ज्याचं त्याला सगळं परत केलं. मुलींना बसवून सांगितलं, मॅडम आल्या तर काही लपवायचं नाही. विचारतील ते खरं सांगायचं.

त्या आल्या त्या मी गिरगावात दुसऱ्यांच्या पोळ्या लाटत असताना. घाडीमामींनी आणि सुमनने दुपारी मला सगळं सांगितलं. सुमन स्टोव्हवर भात करत होती. मॅडमनी विचारलं, आई किती वाजता जाते. आई नसताना घरात कोण. आईकडे कोणी पुरुष येतो का. रात्री आई घरी असते का. नऊ वर्षांच्या मुलीला. घाडीमामी मध्ये बोलायला गेल्या तर मॅडमनी दार लोटून घेतलं. सुमनने मी शिकवल्यासारखं सगळं खरं सांगितलं. वर स्टोव्हवर भाजलेला आपला हात पुढे करून दाखवला. मॅडम शाबास म्हणतील असं वाटलं असणार तिला.

पुढचा कागद आला, दोन्ही मुलींना घेऊन या. मला वाटलं, झालं काम. दोघींना न्हाऊ घातलं, वेण्या घातल्या. वाटेत बेबीला बिस्किटाचा पुडा घेऊन दिला.

टेबलावर छापील फॉर्म होता. मी वाचला. मुलींकडे दुर्लक्ष होत असल्याने त्यांना संस्थेत दाखल करण्यास माझी संमती आहे.

"हे मदतीचं नाही," मी म्हटलं.

"हीच मदत आहे. दोन वेळचं जेवण, कपडे, शाळा. सांभाळायला बाई असते. तुम्हीही कामाला मोकळ्या व्हाल."

"या सगळ्याचा खर्च सरकार देणार?"

"सगळा."

"मग त्यातला थोडा मला द्या. मी सांभाळते की."

मॅडम हसल्या. लहान पोराला समजवावं तसं बोलायला लागल्या. "तसं होत नसतं हो. ती मदत चांगल्या घरांसाठी असते. म्हणजे गरीब, पण चांगली. तुमच्या घरात मूल एकटं स्टोव्ह पेटवतंय. उद्या काही झालं तर उत्तर कोण देणार? पोरं काढताना हा विचार करायचा होता."

साखर होती तेव्हा मी गरीब नव्हते. साखर नव्हती तेव्हा मी चांगली नव्हते. काय असायला हवं होतं मी?

मॅडमनी आवाज खाली आणला. "बरं, धाकटीची तरी सही करा. लहान आहे. विसरेल लवकर."

खोटं सांगत नाही. मी पेन उचललं. आई असून उचललं. डोक्यात आलं, बेबीला रोज दूध मिळेल. सुमन शाळेत जाईल. दोघींना अर्धं अर्धं काहीतरी मिळेल. पेन कागदावर टेकलं होतं.

मागे बाकावरून सुमन उठली. बेबीला बाकावर नीट बसवलं आणि टेबलाशी आली.

"मॅडम, बेबीला नको. मला न्या. मला भात येतो, भांडी पण येतात."

तिला वाटलं होतं, कामाला न्यायचं आहे. बहिणीच्या जागी स्वतःला कामावर ठेवून घ्या म्हणत होती माझी पोर. आणि मॅडमनी नको म्हटलं नाही. फॉर्मवरचं वय बघितलं आणि म्हणाल्या, "मोठीचंही चालेल."

तेव्हा माझ्या डोक्यातली भीती एकदम उतरली. इतके महिने मी या बाईसमोर चांगली ठरायला बघत होते. डबे दाखवून, मग रिकामी खोली दाखवून. हिच्यासमोर चांगली ठरायचं कशाला? ही कोण? मी पेन टेबलावर ठेवलं.

"सही करणार नाही. एकीचीही नाही. आणि मदत देत नाही, ते कागदावर लिहून द्या, कारणासकट."

"आम्ही असं लिहून देत नाही."

"माझ्याकडून लिहून घेतलंत. आता तुम्ही लिहा."

कारकून उठला. मी मुलींना घेऊन टेबलापुढे फरशीवर बसले. आयुष्यात पहिल्यांदा कुठल्या कचेरीत न विचारता बसले होते. बेबी बिस्किटं खात होती. मॅडमनी पोलिसांचं नाव काढलं, मुली जबरदस्तीने नेता येतात म्हणाल्या. मी उठले नाही. बाकावरची एक बाई आली आणि माझ्या शेजारी बसली. बाकीच्या नाही आल्या. कचेरी बंद झाली तेव्हा शिपायाने दंडाला धरून आम्हाला बाहेर काढलं. त्यांनी काही लिहून दिलं नाही.

मदत मिळाली नाही. पोलीस काही आले नाहीत, मुली माझ्याजवळ राहिल्या. पण सुमनची शाळा पाचवीत सुटली आणि ती परत गेलीच नाही. बेबी शिकली ती सुमनच्या जिवावर. सुमन मला याबद्दल काही बोलत नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. माझी पोर आयुष्यभर भात करत राहिली, आणि त्या फॉर्मवर दुर्लक्ष केलं म्हणून नाव मात्र माझं. ज्यांच्या टेबलावर हे झालं त्यांना मी माफ केलेलं नाही. करणारही नाही.

आता चिंचपोकळी-लालबागमधली कुणी बाई त्या मदतीसाठी अर्ज करते तेव्हा मी तिच्याबरोबर जाते. चौकशीला माणूस आला की दारात बसते, दार लोटू देत नाही. त्यांना सांगते, मुलीला एकटीला विचारायचं नाही, माझ्यासमोर विचारा. डब्याला हात लावायचा असेल तर आधी घरच्या बाईला विचारा. मदत नाकारायची असेल तर लिहून द्या, नाव घालून, सही करून. ते म्हणतात, ही म्हातारी कटकट आहे. आहेच. मूल आईपासून तोडायला सरकारजवळ जेवढा पैसा आहे, तेवढा आधी आईच्या हातात पडला पाहिजे. तोपर्यंत त्यांच्या त्या संस्थेच्या फॉर्मवर या भागातल्या एकाही बाईची सही होऊ देणार नाही.