तिकिटावर इंदू

मैत्रिणींनो, आज टँकरची वाट बघत ओट्यावर बसून विमान कंपनीला तीनदा फोन लावला. घरात दुसरं कुणीच न्हाई.

भावानं माझं नांदेडहून बंगळुरूचं तिकीट काढलं, ते माहेरच्या नावानं, इंदू. त्याच्या तोंडात तेच बसलंय. लग्नानंतर मी सुनंदा झाले, आधार कार्डावर तेच हाय.

पहिल्या फोनवरची बाई म्हणाली, नाव फुकटात बदलून मिळतं. दुसऱ्या फोनवरचा माणूस म्हणाला, बदलतच नाही, नवीन तिकीट काढा. तिसऱ्यानं विचारलं, "मॅडम, इंदू हे नाव काढून टाकू का?"

त्या नावानं हाक मारणारा आता एकटा भाऊच उरलाय. फोन ठेवून दिला.

तुम्हाला अजून कोण हाक मारतं माहेरच्या नावानं?