कुलपासारखी लावलेली किंमत

माझ्या व्याह्यांच्या घरी पहिल्यांदा गेलो, तेव्हा ‘बसा’ म्हणायच्या आधी त्यांनी मला हात धुवायला लावले. तेही साबणाशिवाय. नुसत्या पाण्यानं, कोपरापर्यंत. मी मनात म्हटलं, लेक दिलीय या घरात, बोलून चालायचं नाही. निमूटपणे हात धुतले. मग त्यांनी मला मागच्या खोलीत नेलं आणि माझी बोलतीच बंद झाली. आमच्या घरात ही घटना इतकी दुर्मीळ, की लेकीनं स्वयंपाकघरातून डोकावून विचारलं, “बाबा, बरं वाटतंय ना?”

खोलीत खिडकी नव्हती. तिन्ही भिंतींना काचेच्या पेट्या, त्यांत खारं पाणी, वर निळा उजेड. आणि पाण्यात, दगडांवर, शर्टाच्या बटणाएवढे जीव दाटीवाटीनं बसलेले. प्रत्येकाला भोवती झालर, मधोमध इवलंसं तोंड. कुणी नारिंगी, कुणी पोपटी, कुणी शाईसारखं जांभळं. व्याह्यांनी काचेजवळ बोट हलवलं, तसं एक लाल बटण झालर आत घेऊन बसलं.

“हिचं नाव ‘नात रुसली’,” व्याही म्हणाले.

“फूल आहे?”

“प्राणी आहे, व्याहीबुवा. पोवळ्याच्या जातकुळीतला. साबणाचा अंशही याला सोसत नाही.”

मला पोवळं माहीत होतं ते अंगठीतलं. आमच्या शाळेत चार इयत्तांना मिळून एक खोली आणि एक मास्तर, आणि त्या मास्तरांच्या बोटात ते होतं. छडी उगारली की आधी ते दिसायचं. ते असं जिवंतपणी झालर हलवतं हे मास्तरांनाही ठाऊक नसणार.

व्याह्यांनी जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या. मी त्यांना चिडवायचो, “आयुष्यभर लोकांना वर-खाली नेलंत, आणि म्हातारपणी जीव लावलात तो जागचं न हलणाऱ्यांना!” पण हाताची सवय जाते कुठे? पेटीखालच्या लाकडाला कान लावून ते पंपाचं दुखणं ओळखायचे. एखाद्या बटणाला कापून त्याचा तुकडा वेगळा करायचा असला की दाराबाहेर लिफ्टवरचीच जुनी पाटी अडकवायचे : ‘काम चालू आहे’. मग हातमोजे, डोळ्यांवर मोठा चष्मा, कारण या बटणांच्या अंगचा चिकटा भलता विषारी असतो. एक पातळ पातं घेऊन दोन जीवांना जोडणारी कातडीची साय अलगद कापायची आणि सुटलेला तुकडा चिनीमातीच्या छोट्या खुंटीवर पाण्यात न विरघळणाऱ्या डिंकानं बसवायचा. काही महिन्यांत एकाची दोन तोंडं होतात.

विक्री तोंडावर चालते. म्हणजे एका तोंडाला इतके, दोन तोंडांना दुप्पट. मी म्हटलं, “बरं झालं माणसांची अशी किंमत करत नाहीत, नाहीतर माझ्या एकट्याच्या तोंडाला केवढा भाव आला असता!”

“भाव दुर्मीळ असण्याला असतो,” ते शांतपणे म्हणाले. “तुमचं तोंड तर गावभर ऐकू येतं.”

तेव्हा मला कळलं, व्याही म्हणून माणूस बरा मिळालाय.

खरं होतं त्यांचं. एखादा नवा रंग निघाला आणि तो एकाच्याच घरी असला, की भाव आभाळाला भिडतो. तो घरोघरी पोचला की जमिनीवर येतो. रविवारी सकाळी हौशी लोक खोलीत जमायचे. त्यांच्यात काही रिवाज होते. विकण्याआधी निळा दिवा बंद करून पांढरा लावायचा, कारण निळ्या उजेडात कुणीही देखणं दिसतं. दुसरा रिवाज त्याहून कडक. सर्वांत पुढच्या, विक्रीच्या पेटीत जे ठेवाल त्यावर किमतीची चिठ्ठी हवीच. चिठ्ठीशिवाय ठेवणं म्हणजे दाखवायचं आणि द्यायचं नाही, हा हावरटपणा. आणि चिठ्ठीवर आकडा लिहिला की तो शब्द झाला. पहिला जो ‘घेतलं’ म्हणेल त्याचं. मग माघार नाही. एकदा व्याह्यांच्या हातून दोन चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली आणि एक महागडं बटण कवडीमोलानं गेलं. त्यांनी हसतमुखानं बांधून दिलं. लेक सांगत होती, “बाबा, त्या रात्री मामंजी जेवले नाहीत.”

पुढच्या पेटीच्या उजव्या कोपऱ्यात एक दगड होता. त्यावर करडी-तपकिरी, काही खास न दिसणारी बटणं. त्यावर नाव नव्हतं, नुसता आकडा. तो वाचून मी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला. एका तोंडाच्या त्या किमतीत एक बरी जुनी मोटारसायकल आली असती, आणि मोटारसायकलवर बसता तरी येतं.

“हे काय, शून्य जास्त पडलं का?”

“नाही,” व्याही म्हणाले, आणि पंपाला कान लावायला गेले.

कारण मला लेकीनं सांगितलं. तो दगड विहीणबाईंचा. स्वस्तात आणलेल्या दगडांबरोबर आलेला. त्यावरचं तपकिरी काहीतरी शेवाळ समजून व्याही पात्यानं खरवडायला निघाले होते. विहीणबाई शेजारी स्टुलावर बसून वाटाणे सोलत होत्या. त्यांनी व्याह्यांचा हात धरला. “अहो, थांबा जरा. ते बघतंय आपल्याकडे.” मग तासभर दोघं वाकून बसले. सगळी बटणं मिटायला लागली तेव्हा ते एकटं उघडलं. आत जांभळं कडं, आणि कड्यात सोन्याचा ठिपका. वर्षभरात विहीणबाई गेल्या. दगड तिथेच राहिला. जागा हलवली तर ते कोमेजायचं, म्हणून पुढच्या पेटीतून काढता येईना. पुढच्या पेटीत म्हणजे चिठ्ठी हवी. ‘विकायचं नाही’ म्हणण्याची रीत नाही. मग व्याह्यांनी कुणीच देणार नाही असा आकडा लिहिला. ती किंमत नव्हती, ते कुलूप होतं. आणि कापायचं धाडस त्यांना कधी झालं नाही, म्हणून ती बटणं एकमेकांच्या सावलीत दाटून बसली होती. वाढ खुंटलेली.

एका रविवारी मी तिथेच होतो. दातांच्या कवळ्या बनवणारी एक मुलगी गेले काही रविवार यायची. स्वस्तातलं एखादं बटण न्यायची आणि उरलेला वेळ उजव्या कोपऱ्यासमोर बसायची. विहीणबाईंच्या स्टुलावर. तिला काय माहीत! व्याही बघायचे आणि पंपाला कान लावायला जायचे. त्या दिवशी बाकीचे निघून गेले तरी ती बसून राहिली. मग उठली आणि म्हणाली,

“काका, हे एक तोंड. घेतलं.”

व्याही पंपापाशी वाकले होते, ते सरळ झाले.

“चिठ्ठी नीट वाचलीत का?” व्याह्यांनी विचारलं.

“वाचली. पैसे आणलेत.”

“अहो, ते… पांढऱ्या उजेडात बघा आधी. काही विशेष नाही त्यात.”

त्यांनी घाईघाईनं निळा दिवा मालवला. पांढऱ्या उजेडात ते चिखलाच्या गोळीसारखं दिसलं. मुलगी हसली.

“मी दिवसभर दातांचे रंग जुळवते, काका. पांढऱ्यात कमी आणि निळ्यात जास्त, हे मला कळतं. मला ते रंगासाठी नकोच आहे.”

“मग कशासाठी?”

“सगळे उघडतात तेव्हा हे मिटून बसतं. सगळे दमले की मग उघडतं. मीही तशीच आहे. घरी सगळे बोलून थकले की माझी पाळी येते. परवा आईला म्हटलं, असा एक प्राणी आहे, तर ती म्हणाली, घेऊन ये बघू, बघत बसू दोघी.”

व्याही खुर्चीत बसले. त्यांच्या हातात ‘काम चालू आहे’ची पाटी होती, ती नुसतीच उलटी-सुलटी करत राहिले. ‘घेतलं’ म्हटल्यावर माघार नाही. द्यायचं म्हणजे कापायचं. आणि कापताना उरलेलं गेलं, तुकडा नव्या घरी कोमेजला तर? 

शेवटी ते उठले आणि पाटी दारावर अडकवली.

“पण किंमत कमी करावी लागेल,” ते म्हणाले.

“का? लिहिलंय तेवढे देणार.”

“अर्धे.”

“अजिबात नाही. शब्द म्हणजे शब्द.”

“पोरी, ‘नात रुसली’चा भाव दे, तेवढाच बरोबर आहे.”

“काका, मला दया नको.”

मी बाजारात जन्म काढलेला माणूस, पण विकणारा खाली ओढतोय आणि घेणारी वर, ही घासाघीस मी पहिल्यांदाच पाहिली. न राहवून मध्ये पडलो. “बाई, यांचा शब्द तू यांना पाळायला लावलास. आता यांचा एक हट्ट तू पुरव. ‘नात रुसली’चा भाव दे, आणि दोन तोंडं झाली की एक कुणाला तरी फुकट दे. झाला हिशेब.”

मुलीनं पैसे मोजायला घेतले, व्याह्यांनी मान डोलावली. माझ्या तोंडाला त्या दिवशी खरा भाव आला.

व्याह्यांनी हातमोजे घातले. पातं पाण्यात गेलं आणि थांबलं. हात पुढे जाईना. लिफ्टच्या बोगद्यात दोरावर लोंबकळून काम केलेला तो हात! मुलगी म्हणाली, “मी धरू दगड?” तिनंही मोजे चढवले, चष्मा लावला आणि दोन बोटांत दगड असा धरला, की जराही हलला नाही. पातं फिरलं. एक तोंड सुटलं.

मग तीन-चार आठवडे वाईट गेले. दगडावरची बटणं मिटली ती मिटलीच. व्याही पेटीसमोरून हलेनात. जेवण तिथेच, पेपर तिथेच. मी सोबतीला जाऊन बसायचो. माझ्या साऱ्या गोष्टी सांगून झाल्या, मास्तरांची अंगठी दोनदा सांगून झाली, तरी त्यांची नजर काचेवरून हटेना. एकदा फक्त म्हणाले, “वाटाणे सोलता सोलता तिनं हात धरला होता, व्याहीबुवा. आणि मी शेवटी पातं चालवलंच.”

 मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून बसलो.

आणि फोन वाजला. मुलीचा आवाज इतका मोठा, की मला इथे ऐकू आला. “काका, उघडलं! आई समोरून उठतच नाहीये. पण काका, खाली काहीतरी फुगलंय, बारीक टाचणीच्या डोक्याएवढं. ते बिघडलंय का?”

व्याह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. “बिघडलं नाही,” ते म्हणाले. “ते दुसरं तोंड आहे.”

“अगं बाई! आणि याचं नाव काय? चिठ्ठीवर नव्हतं.”

त्यांनी फोन धरूनच उजव्या कोपऱ्यातल्या दगडाकडे पाहिलं.  

“थांबा जरा,” ते म्हणाले. “हेच नाव. माझ्या बायकोनं ठेवलंय.”

त्याच आठवड्यात इथला दगडही उघडला. आधी कापलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंची तोंडं, मग मागची. जिथून तुकडा गेला तिथे आता उजेड पडत होता, आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा तिथे कोवळी साय पसरत होती.

पुढच्या रविवारी मी गेलो तेव्हा स्टूल पुसून उजव्या कोपऱ्यासमोर ठेवलेलं होतं. दगडावर नवी चिठ्ठी. वर नाव, खाली आकडा. मी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला.

“व्याहीबुवा, या वेळी शून्य कमी पडलं का?”

“नाही,” ते म्हणाले. “घरोघरी जाऊ दे तिला.”