सिस्टरांचा व्हॉल्व्ह

सगळी गल्ली त्यांना सिस्टरच म्हणायची. छातीच्या विकारांच्या वॉर्डात एकतीस वर्षं काढून त्या निवृत्त झाल्या, आणि दीड वर्षात नवरा गेला. मुलगा परदेशात. मागे राहिल्या तीन खोल्या आणि नवऱ्याची एकोणीस वर्षांची डिझेल गाडी. चालवता त्यांना येत होती, पण बॉनेट उघडणं हे नवऱ्याचं खातं.

एक दिवस गाडी काळा धूर ओकू लागली. चढ आला की दम टाकायची. सिस्टरांनी ती कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे नेली.

"ईजीआर व्हॉल्व्ह अडकलाय," तो म्हणाला. "इंजिनाचा थोडा धूर हा परत आत पाठवतो, म्हणजे विषारी वायू बाहेर कमी जातो. पण काजळीनं पार गळा धरलाय त्याचा. पत्रा ठोकून तो रस्ताच बंद करतो. सगळे तेच करतात. गाडी वाऱ्यासारखी पळेल, धूरही दिसणार नाही."

"आणि न दिसणारा?"

"त्याचं कोण बघतंय, सिस्टर!"

सिस्टरांनी एकतीस वर्षं तेच बघितलं होतं. आडवं होता येत नाही म्हणून उशांना टेकून बसलेली माणसं, निळे पडलेले ओठ, एका श्वासासाठी वर उचललेले खांदे.

"पत्रा नको. साफ कर."

"दर सहा महिन्यांनी ही कटकट? मला नाही जमायचं."

"मग मला शिकव."

तो हसला. पण शिकवलं त्यानं.

तेव्हापासून वर्षातून दोनदा, रविवारी दुपारी, सिस्टर गाडीच्या शेडमध्ये स्टूल टाकून बसत. दोन बोल्ट सोडवायचे, व्हॉल्व्ह अलगद ओढून काढायचा, फवारा मारून जुन्या टूथब्रशनं काजळी काढायची. पिन वाकता कामा नये. जखम धुवावी तशा त्या ती काजळी धूत. "जरा कळ काढा हं, झालंच," असं सवयीनं तोंडून निघून जाई, आणि पत्र्याच्या शेडमध्ये स्वतःचाच आवाज ऐकून त्या दचकत. कधीकधी तो त्या दिवसातला पहिलाच शब्द असे.

चार वर्षं हे चाललं. मग एकदा कितीही धुतला तरी व्हॉल्व्ह हलेना. पिन झिजली होती. सिस्टरांनी नवा आणला. जुना निघाला, पण नवा बसवताना मागचा बोल्ट अंधारात जाई. एका हातात पाना, दुसऱ्यानं पाइप धरलेला, टॉर्च दातांत. ती तीनदा पडली. वॉर्डात नुसता हात पुढे केला की कुणीतरी कात्री ठेवत असे. इथे हात पुढे केला तरी हवाच.

शेवटी त्या वरच्या मजल्यावर गेल्या. तिथे निवृत्त पोस्टमास्तर एकटेच राहत. अकरा वर्षांची ओळख, पण मान हलवण्यापलीकडे गेली नव्हती.

"जरा टॉर्च धराल का?"

पोस्टमास्तर इस्त्रीचा शर्ट घालून खाली आले. चाळीस मिनिटं त्यांनी उजेड हलू दिला नाही.

"झालं?"

"झालं. चहा टाकते."

"नको, कशाला त्रास," म्हणत ते जिना चढूनही गेले. सिस्टर काळ्या हातांनी तशाच उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी धुराची तपासणी झाली. तपासणाऱ्यानं आकडा दोनदा पाहिला. "एवढ्या जुन्या गाडीचा? कोणाकडे करता काम?"

"घरीच," सिस्टर म्हणाल्या, आणि त्यांना मुलाला फोन करावासा वाटला.

"आई, मीटिंगमध्ये आहे. काही झालं का?"

"नाही रे. गाडी पास झाली."

"अरे वा! मग विकून टाक आता, चांगली आहे तोवर. नंतर बोलतो."

घरी आल्यावर त्यांनी जिन्यापाशी थोडा विचार केला आणि वर जाऊन बेल वाजवली.

"पास झाली," त्या म्हणाल्या.

"वा," पोस्टमास्तर म्हणाले. "छान."

आणखी काहीतरी बोलावं असं दोघांनाही वाटलं असावं. पोस्टमास्तरांनी चष्मा काढून पुसला. सिस्टरांनी पदर सारखा केला.

"येते मग."

"हो, हो."

दार लागलं. कडीचा आवाज मात्र लगेच आला नाही. सिस्टर दोन पायऱ्या उतरून थांबल्या. थोड्या वेळानं कडी वाजली. मग त्या खाली गेल्या.