तीन बोटांचा पाय

गोंदिया वेगळा जिल्हा झाला, त्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात आमची पलटण बर्फात होती. मी तेव्हा लान्स नाईक होतो. नाव शंकर दिघोरे. गाव साकोली तालुक्यात, तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली. आम्ही ढीवर, घरचा धंदा मासेमारीचा. बर्फ मी फौजेत येईपर्यंत फक्त आइसकांडीवाल्याच्या पेटीत पाहिला होता.

पोस्टवरचं आयुष्य एकसारखं असतं. पहारा, चहा, बर्फ उपसणं, पुन्हा पहारा. रेडिओवर सकाळ-संध्याकाळ रिपोर्ट. "सब ठीक, ओव्हर." जानेवारीत आमची गस्तीची तुकडी वादळात अडकली. परत पोस्टवर पोचलो तेव्हा माझ्या डाव्या बुटात पाणी जाऊन गोठलेलं होतं. बूट कापून काढला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काळं पडलं होतं. मला काहीच दुखत नव्हतं, आणि तेच वाईट लक्षण होतं.

नाईक दत्ता शेलार आमचा सेक्शन कमांडर. साताऱ्याकडचा, माण तालुक्यातला. हेलिपॅडपर्यंत त्यानं मला पाठीवर आणलं. वाटेत एकदाही बसला नाही. मी म्हटलं, "थोडा थांब." तो म्हणाला, "गप बस. बोललास की जड होतोस."

बेस हॉस्पिटलात दोन्ही बोटं काढली. पायावर तीन उरली. मेडिकल बोर्डाच्या डॉक्टरसाहेबांनी कागदावर लिहितालिहिता सांगितलं, "लकी हो, पाँव बच गया." सहा महिन्यांसाठी माझी वैद्यकीय कॅटेगरी खाली आणली. मग पुन्हा तपासणी, रिव्ह्यू. तोवर फक्त बसून करायचं काम. सुभेदारसाहेब भेटायला आले. ते मायेनंच म्हणाले, "कोतमध्ये ये, शस्त्रागारात. रायफली मोजायच्या, तेल लावायचं. पेन्शनपर्यंत आरामात निघेल."

मी म्हटलं, "साहेब, मी भरती झालो तो चालायला."

"चालून दाखव मग," ते म्हणाले.

सिक लीव्ह आणि तिला जोडून वार्षिक रजा घेऊन मी घरी निघालो. वरठी स्टेशनला उतरलो तेव्हा उन्हं चढली होती. बहिणीचे मालक, हिरामन भाऊजी, मोटारसायकल घेऊन आले होते. ते तिथल्याच कारखान्यात कामाला. त्यांनी माझ्या हातातली काठी पाहिली आणि गाडी सुरू करण्याआधीच बोलले, "शंकर, आमच्या गेटवर मानूस पाह्यजे. फौजी असन त लगेच घेतेत. खुर्ची हाय, पंखा हाय. मी बोलून ठेवलो."

"कायले बोलले?"

"अरे बाप्पा, तुयासाठीच."

"मले खुर्ची नाही पाह्यजे भाऊजी."

ते रागावले नाहीत. काठी मागून घेतली, गाडीला बांधली आणि किक मारली.

गावात पहिले आठ दिवस लोक येऊन बसले. कोणी पायाकडे पाहत होतं, कोणी पाहत नसल्याचं दाखवत होतं. "जीव वाचला हेच लय झालं" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की शेवटी मी उठून तलावाकडे जाऊ लागलो.

उन्हाळी धान उभं होतं. धानाच्या बांध्यांमधले धुरे, म्हणजे मातीचे बांध, हातभर रुंद असतात. तिथं सरळ चालता आलं तर कुठंही चालता येईल, असा माझा हिशेब होता. पहिल्या दिवशी मी दहा पावलांत चिखलात पडलो. पाऊल टेकलं की अंग डावीकडे झुकायचं, कारण तिकडून धरायला बोटंच नव्हती. काठी घरी ठेवून गेलो होतो, मुद्दाम. निंदण करणाऱ्या बाया हसल्या. मी उठलो आणि त्याच धुऱ्यावर परत चढलो. रोज पडायचो, रोज जायचो. महिन्याभरानं बाया हसायच्या बंद झाल्या. मी पडत नव्हतो म्हणून नव्हे, तर त्यांना माझी सवय झाली होती.

पाय सुधारत होता, पाळीवर धावायला लागलो होतो, पण दम टिकत नव्हता. त्याचं कारण माझ्या गालात होतं. शाळेपासून मला खर्ऱ्याची, सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाची सवय. बर्फातही पुड्या नेल्या होत्या. धावून आलो की आधी अंगणात बसून खर्रा घोटायचो. माझी बायको शालू एक दिवस समोर उभी राहिली.

"पाय फौजेत धाडाचा हाय ना? मंग तोंड पानठेल्यावर काहून ठेवलं?"

मी खर्रा घोटतच राहिलो. ती म्हणाली, "मले तुमच्यावर हसाचं नाही. तुमी फौजेत जा नाहीतर गेटवर बसा, मी सोबत हाय. पन एक काहीतरी करा. दोन्ही नाही होत."

त्या दिवशी मी पुडी चुलीत टाकली. ही सोपी गोष्ट होती असं कोणाला वाटत असेल तर त्यानं करून पाहावी. डोकं दुखायचं, घरातल्यांवर ओरडायचो. दर सकाळी वाटायचं, आज एक खाऊ, उद्यापासून बंद. शालू भिजवलेले हरभरे हातात द्यायची आणि दारात उभी राहून मी पाळीवर चढेपर्यंत पाहायची. लांब धावणं मी तिथं शिकलो. एका दिवसाच्या जोरानं काहीच होत नाही. आज पाय दुखतो, मन नाही म्हणतं, तरी बूट बांधायचे. एवढंच हातात असतं.

उन्हाळ्याच्या मध्यात दत्ता आला. स्वतःच्या वार्षिक रजेतले दिवस काढून, साताऱ्याहून सबंध महाराष्ट्र ओलांडून. पिशवी खाली ठेवली आणि म्हणाला, "काठी कुठाय?"

"नाही वापरत."

"बरं. उद्यापासनं खड्डा."

फौजेच्या टेस्टमध्ये पाच किलोमीटर धावणं असतं, दोर चढणं असतं, आणि नऊ फुटांचा खड्डा असतो. तो उडी मारून ओलांडायचा. मी डाव्या पायानं उडी घेणारा. तोच पाय अधू. तलावातून निघणारा पाट तेवढाच रुंद होता. दत्ता पलीकडे उभा राहायचा आणि ओरडायचा. मी पाण्यात पडायचो, बाहेर निघायचो, परत धाव घ्यायचो. त्यानं एकदाही "चालतंय, उद्या बघू" म्हटलं नाही.

पण तलावात उतरायची वेळ आली की तोच काठावर थांबायचा. त्याला पोहता येत नव्हतं. माझ्या वडिलांनी, बाबूजींनी, त्यांच्या होडीतून, डोंग्यातून विचारलं, "काहून गा, एवढा मोठा शिपाई, पान्याले भेतेस?"

"बाबा, आमच्याकडं एवढं पानी टँकरनंच येतंय," दत्ता म्हणाला.

बाबूजी हसले आणि त्याचा हात धरून त्याला डोंग्यात घेतलं. मधोमध नेऊन सांगितलं, "आता उतर. मी हावो." ते फार बोलत नसत. पण दत्ताला त्यांनी रोज शिकवलं. त्याची रजा संपत आली तेव्हा तो तलाव आडवा पोहून गेला, हातपाय वेडेवाकडे मारत, पण न थांबता. पलीकडच्या काठावर उभा राहून त्यानं दोन्ही हात वर केले. बाबूजींनी डोंग्यातून टाळ्या वाजवल्या.

रिव्ह्यू बोर्डासमोर मी धावलो, दोर चढलो, खड्डा ओलांडला. डॉक्टरसाहेब तेच होते. त्यांनी बूट काढायला लावले, जखमेचा वण दाबून पाहिला.

"किधर ट्रेनिंग किया?"

"घर में, सर. खेत में और तालाब में."

"किसने बोला था करने को?"

"किसी ने नहीं, सर."

त्यांनी कॅटेगरी परत वर नेली. अट एकच घातली, पुन्हा बर्फात पोस्टिंग नाही. मी सॅल्यूट मारला. बाहेर येऊन सुभेदारसाहेबांना फोन लावला. "साहेब, चालून दाखवलं." पलीकडून फक्त "शाबास" आलं.

पुढच्या पावसाळ्यात पलटण डोंगराळ भागात होती. कंपनीच्या खाली एक नाला वाहायचा. त्यावर लाकडी पूल, पलीकडे चढावर आमची एक पोस्ट. एरवी नाला गुडघाभर. त्या दिवशी वर कुठंतरी ढग फुटला. दुपारी पूल गेला. थोड्या वेळानं पलीकडच्या पोस्टवरून रेडिओ वाजला.

"चार्ली वन, चार्ली वन. कॅज्युअल्टी एक. दरड अंगावर. पाय चिरडला, रक्त थांबत नाही. ओव्हर."

"हेलिकॉप्टर नाही. ढग खाली आहेत. किती वेळ थांबू शकता? ओव्हर."

जरा वेळ नुसती खरखर. मग, "थांबू शकत नाही. ओव्हर."

जखमी झालेला सिपाही गायकवाड. कंपनी कमांडर मेजरसाहेबांनी आमच्याकडे पाहिलं. हुकूम दिला नाही. अशा पाण्यात उतर, असा हुकूम कोणी देत नाही. मी म्हटलं, "साहेब, दोर मी नेतो."

"तुझा पाय?"

"पायच नेईल, साहेब."

कंबरेला दोर बांधून मी वरच्या अंगाला उतरलो. प्रवाहाच्या विरुद्ध गेलं तर माणूस मोडतो. तिरपं जायचं, पाणी नेईल तिकडे जायचं, पण काठाकडे सरकत राहायचं. हे मला तलावानं नव्हे, पुराच्या वैनगंगेत जाळं टाकणाऱ्या बाबूजींनी शिकवलं होतं. पलीकडे पोचलो तेव्हा दोन्ही गुडघे फुटले होते. दोर झाडाला बांधला. इशारा केला.

दोराला धरून दुसरा माणूस आला तो दत्ता. पोस्टवरच्या लोकांना पहारा सोडता येत नव्हता. स्ट्रेचर आम्ही दोघांनीच आणायचं होतं. गायकवाडला बांधलं, स्ट्रेचर दोराला अडकवलं. पाणी छातीपर्यंत. दत्ता पुढे, मी मागे.

"बोल काहीतरी," मी गायकवाडला म्हटलं. त्याची शुद्ध हरपत होती.

दत्ता पुढून ओरडला, "नको बोलूस! जड होतोस!"

गायकवाड हसला. मी पाहिलं.

कंपनीच्या काठावरचे हात अगदी जवळ आले असताना वरून एक आख्खं झाड वाहत आलं. मी ओरडलो. दत्तानं वळून पाहिलं. त्याला दोर धरून बाजूला होता आलं असतं. त्यानं दोर सोडला आणि दोन्ही हातांनी स्ट्रेचर काठाकडे ढकललं. तिकडच्यांनी ते पकडलं. झाडाचा बुंधा दत्ताच्या डोक्याला लागला आणि तो पाण्याखाली गेला.

मी दोर सोडला. वळणापर्यंत त्याच्यामागे गेलो. तिथं त्याची कॉलर हाताला लागली. ती मी सोडली नाही. काठावर ओढून आणलं तेव्हा तो गेलेला होता.

गायकवाड वाचला. त्याचा पाय गेला, जीव राहिला.

संध्याकाळी मेजरसाहेब म्हणाले, "दिघोरे, तुला मागे, रिअरला पाठवतो. पुरे झालं."

मी म्हटलं, "वर चार माणसं आहेत, साहेब. उद्या त्यांचं राशन संपेल. पूल होईपर्यंत दोरावरून मीच नेणार."

"हा हट्ट आहे."

"हो, साहेब."

दुसऱ्या दिवशी पाणी थोडं उतरलं होतं. मी राशन नेलं. पूल होईपर्यंत रोज नेलं. पहिल्या दिवशी पाण्यात पाय ठेवायच्या आधी मी दोराची गाठ तीनदा तपासली, हे खरं आहे. पण त्या नाल्याला दत्ता दिला होता. आणखी काही द्यायचं नाही, असं मी ठरवलं होतं.

पुढच्या वर्षी मी रजेवर असताना दत्ताच्या आई आमच्याकडे आल्या. पुतण्याला घेऊन, एवढा लांबचा प्रवास करून. मी वरठीला घ्यायला गेलो. बारीक अंगाच्या, ताठ चालणाऱ्या बाई. गाडीतून उतरताना त्यांनी माझा हात धरला नाही.

अंगणात बसल्यावर त्या म्हणाल्या, "फौजेनं सांगितलं त्ये ऐकलं. आता तू सांग. काय गाळू नगंस."

मी सगळं सांगितलं. झाड, दोर, स्ट्रेचर. शालू स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. बाबूजी भिंतीकडे तोंड करून जाळं विणत होते, पण त्यांचे हात थांबले होते.

आईंनी विचारलं, "मागं झाला आसता तर वाचला आसता?"

"हो, आई."

"आन् त्यो गायकवाड?"

"तो नसता वाचला."

"आता कसा हाय?"

"लाकडी पाय लावून चालतो. मुलगी झाली त्याला."

शेजारची म्हातारी येऊन बसली होती. तिनं डोळ्याला पदर लावला आणि म्हणाली, "बिचारी माय. तरणाताठा पोरगा गेला."

दत्ताच्या आई तिच्याकडे वळल्या. आवाज चढवला नाही.

"बाई, मला बिचारी म्हनू नगा. लई जनांनी म्हटलं, मी कुनाचं घेतलं न्हाई. माझ्या पोराचं पाय घसरून मरान न्हाई झालं. त्याला दोर धरता येत हुता. त्यानं सोडला. त्याचा त्यानं सोडला."

मग त्या उठल्या, हातपाय धुतले आणि शालूला म्हणाल्या, "वाढ गं पोरी. भूक लागलीय."

मी हवालदार होऊन रिटायर झालो. आज आमच्या जिल्ह्यातल्या शहापूरजवळ हायवेच्या कडेला सकाळी भरतीची तयारी करणारी पोरंपोरी धावतात, त्यांच्यासोबत मीही धावतो. माझा पाय पाहून ती विचारतात, मग मी बर्फाची गोष्ट सांगतो. आणि कोणी दत्ताबद्दल विचारलं, तर सांगतो की नाईक दत्ता शेलार गेला तेव्हा त्याच्या हातात दुसऱ्याचा जीव होता, आणि तो त्यानं काठाला लावला होता.