हिरव्या पेशीचा मृत्यू

मित्रांनो, आज दुपारी बेळगावच्या आमच्या प्रयोगशाळेत माझ्या हातून एक जीव गेला.

संशोधक मॅडमनी सूक्ष्मदर्शकाखालच्या जिवंत पेशीत लेझरच्या उजेडात चमकणारा नवा रंग सोडला होता. मी तिथला मदतनीस. "अण्णा, लेझर वाढवू नका हं, पेशी जळंल," असं बजावून त्या फोनवर बोलायला बाहेर गेल्या.

पेशीतले हिरवे धागे अजून स्पष्ट बघायचा मोह झाला. मी लेझर वाढवला. धागे लखलखले आणि तटातट तुटले. पेशी फोडासारखी फुगून फुटली.

"रंगच विषारी निघाला की! वर्षाचं काम गेलं," म्हणत मॅडम रडल्या. बारीकसा जीवही मरू नये म्हणून पाणी गाळून पिणारा मी जैन, पण लेझर वाढवल्याचं लपवलं.

मॅडम, तुम्हीही या ग्रुपवर आहात. तो रंग फेकू नका. पेशी मी मारली.